पाटी एमएच-१५ चीच लाव

सुरतेहून गाडी आणली की कर वाचतो, असं तुला ज्याने सांगितलं त्याची माहिती पेट्रोलच्या काळातली आहे. त्या काळात ती खरी होती. महाराष्ट्रात पेट्रोलच्या खासगी गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के एकरकमी कर, दहा ते वीस लाखांना १२, त्यापुढे १३. डिझेलला प्रत्येक पायरीवर आणखी दोन टक्के. गुजरातेत सरसकट ६. चौदा लाखांच्या गाडीला इथे नाशिकला एक लाख अडुसष्ट हजार भरायचे आणि सापुताऱ्याचा घाट उतरून गेलं की चौऱ्याऐंशी हजार. एवढा फरक असल्यावर लोक वलसाडला मामा शोधणारच.

विजेच्या गाडीला हा हिशेब उलटा होतो. महाराष्ट्राने २०२१ च्या धोरणात विजेच्या गाड्यांचा मोटार वाहन कर आणि नोंदणी शुल्क माफ केलं. २०२५ चं नवं धोरण आलं तेव्हा ती माफी ३१ मार्च २०३० पर्यंत पुढे नेली. मधे मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना ६ टक्के कर लावायचं ठरलं होतं, पण त्याच अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी ते मागे घेतलं. गुजरातने एप्रिल २०२५ मध्ये विजेच्या गाड्यांचा कर ६ वरून १ टक्क्यावर आणला, तोसुद्धा ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या मुदतीचा. तिकडचा कर कमी झाला हे खरं, पण आपल्याकडे तो मुळात नाहीच. कर वाचवायला जाऊन उलट तिकडे कर भरून यायचं, आणि पुढे कागदपत्रांसाठी घाटाच्या फेऱ्या. म्हणून तुला पहिली गोष्ट सांगते ती ही, की सवलत गाडी कुठे बनली किंवा कुठे विकली यापेक्षा ती कुणाच्या नावावर आणि कुठल्या आरटीओत नोंदली यावर मिळते. माझ्या कर्ज विभागातल्या नोकरीत मी गाड्यांच्या ज्या फायली बघितल्या, त्यात लोकांचे पैसे अडकले ते नेमके याच दोन ठिकाणी.

नवी गाडी बाहेरून आणण्यात किमतीचा फायदा होईल असंही कुणी म्हणेल. टियागो साणंदला बनते, एमजीच्या गाड्या हालोलला, मग तिकडे स्वस्त असणार, असा तर्क असतो. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे आणि १ ऑगस्ट २०१९ पासून तो सगळ्या देशात तेवढाच आहे. कारखाना जवळ असला म्हणून शोरूमची किंमत उतरत नाही. नेक्सॉनची विजेची गाडी तर आपल्याच रांजणगावला बनते, म्हणून पुण्यात ती वेगळ्या भावाने मिळत नाही. फरक पडतो तो फक्त विक्रेत्याने स्वतःच्या खिशातून दिलेल्या सूटीत. मागच्या वर्षी बनलेली गाडी आवारात उभी राहिली असेल तर तो मोठी सूट देतो, आणि ती घ्यायला हरकत नाही. मात्र गाडीचा बनवल्याचा महिना फॉर्म २२ वर बघून घे. बिलाचं वर्ष बघून समाधान मानू नकोस. जुन्या गाडीचं मोल विकताना बनवल्याच्या वर्षावरून ठरतं.

आणि सुरतेच्या विक्रेत्याने दिलेल्या सूटीचं कोटेशन हातात घेऊन आधी नाशिकच्या शोरूममध्ये जा. तेवढी सूट तिथेच मागायची. कारण नवी गाडी परराज्यात घेतलीस तर तात्पुरत्या नोंदणीवर इकडे आणावी लागते, मग पेठ रोडच्या आरटीओत ती दाखवून कायमचा नंबर घ्यायचा. नाशिकच्या विक्रेत्याकडे हेच काम त्याच्या टेबलावर होतं. शिवाय महाराष्ट्राचं अनुदान राज्यात विकलेल्या आणि राज्यात नोंदलेल्या गाडीसाठी लिहिलेलं आहे. २०२५ च्या धोरणात खासगी चारचाकीला मूळ किमतीच्या १० टक्के, जास्तीत जास्त दीड लाख, आणि तेही ठरावीक संख्येच्या गाड्यांपर्यंतच. २०२१ च्या धोरणातही चारचाकीचं अनुदान पहिल्या १०,००० गाड्यांपुरतं होतं. संख्या संपली की धोरण चालू असलं तरी तुझ्या हातात काही पडत नाही. म्हणून शोरूमवाल्याला विचारायचं ते असं, "माझ्या बिलात अनुदानाची रक्कम वजा करून देता का? देत असाल तर बिलावर तशी ओळ छापा." नंतर खात्यात येईल, असं तोंडी सांगितलं तर ती रक्कम नाहीच असं समजून हिशेब कर. आली तर आली.

केंद्र सरकारचं अनुदान मिळेल असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे थांबव. फेम-२ योजना एप्रिल २०१९ ते मार्च २०२४ अशी चालली, पण तिच्यात चारचाकीला पैसे होते ते धंद्यासाठी चालणाऱ्या गाड्यांना. घरच्या गाडीला नव्हते. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये पीएम ई-ड्राइव्ह आली, तिच्यातही खासगी मोटारीला काही नाही. दुचाकीला मिळालं ते बघून चारचाकीलाही मिळत असेल असं लोक धरून चालतात.

आता आयकराचं. यावर मी जरा सावकाश बोलणार आहे, कारण शोरूममध्ये सगळ्यात जास्त दिशाभूल इथे होते आणि आपल्या दिंडोरी तालुक्यातल्या माणसाला ती सगळ्यात जास्त लागू पडते.

"कर्ज काढा, दीड लाख इन्कमटॅक्समध्ये सुटतात," हे वाक्य तू ऐकलं असशील. त्यामागे आयकर कायद्याचं ८०ईईबी हे कलम आहे. विजेच्या गाडीच्या कर्जावर भरलेल्या व्याजाची वर्षाला दीड लाखापर्यंत वजावट. पण ते कर्ज १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेलं असलं पाहिजे. आज नवीन कर्ज काढणाऱ्याला ते कलम लागत नाही. ज्यांनी त्या चार वर्षांत कर्ज काढलं त्यांना ते फिटेपर्यंत वजावट घेता येते, तीही जुनी करप्रणाली निवडली तरच. तुझ्या चुलतभावाने २०२२ मध्ये कर्जावर गाडी घेतली होती. तो नव्या प्रणालीत गेला असेल तर त्याला म्हणावं एकदा दोन्ही प्रणालींचा हिशेब शेजारी शेजारी मांडून बघ.

आणि ती वजावट म्हणजे दीड लाख रुपये हातात येणं नव्हे. उत्पन्नातून दीड लाख वजा होतात. वीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माणसाचे त्यातून तीस हजार आणि वरचा उपकर एवढे वाचतात. तेसुद्धा व्याज खरोखर दीड लाख भरलं असेल तर. आठ लाखांच्या कर्जाचं व्याज पहिल्या वर्षीसुद्धा दीड लाखापर्यंत पोचत नाही.

तुझं उत्पन्न द्राक्षाचं. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे. ज्याला करच नाही त्याला करातली सूट काय कामाची? हे इतकं साधं असूनही मोहाडी, जानोरी, खेडगाव भागातले चांगले शिकलेले बागायतदार आयकराची सूट मिळणार म्हणून वरचं मॉडेल घ्यायला तयार झालेले मी बघितले आहेत. तुला मिळणारा फायदा शोरूमच्या बिलात आणि आरटीओच्या पावतीत आहे. रिटर्नमध्ये तो शोधायला जाऊ नकोस.

एका गोष्टीसाठी मात्र रिटर्न भरायचं. गाडीची किंमत दहा लाखांच्या वर गेली की विक्रेता संपूर्ण किमतीवर एक टक्का टीसीएस घेतो. चौदा लाखांवर चौदा हजार. कोटेशनच्या तळाशी ती ओळ असते, आणि लोक तिला आणखी एक खर्च समजून विसरून जातात. तो खर्च नाही. ते पैसे तुझ्या पॅन नंबरवर सरकारकडे जमा झालेले असतात. रिटर्न भरलं आणि तुझ्याकडून कर येणं नसेल तर ते पूर्ण परत येतात. येणं असेल तर त्यातून वळते होतात. शेतकरी माणूस म्हणतो, मला रिटर्न भरायची गरज नाही, आणि चौदा हजार सोडून देतो. गाडी घेताना पॅन बरोबर दे, नाहीतर टीसीएसचा दरही वाढतो. मग काही महिन्यांनी आयकराच्या २६एएस विवरणात ती रक्कम दिसते का बघ. दिसत नसेल तर विक्रेत्याने जमा केली नाही किंवा पॅन चुकवला, लगेच पाठपुरावा कर. खऱ्या अर्थाने आयकरातून तुझ्या हातात परत येणारी रक्कम म्हणशील तर आज ही एवढीच आहे.

तुमचं खत-औषधांचं दुकान सूनबाईच्या नावावर आहे ना? तिथे वेगळा विचार करता येतो. धंद्याच्या कामाला लागणाऱ्या विजेच्या गाडीवर घसारा ४० टक्क्यांनी मिळतो, साध्या मोटारीवर १५ टक्क्यांनी. दुकान नफ्यात असेल आणि गाडी खरोखर दुकानाच्या कामाला, म्हणजे प्लॉटवर भेटी द्यायला, कंपनीच्या डेपोत जायला वापरली जाणार असेल, तर तिच्या नावावर घेण्यात अर्थ आहे. आर्थिक वर्षात गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असली तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. म्हणून दुकानाच्या नावावर घ्यायची तर दसऱ्या-दिवाळीच्या मुहूर्तापेक्षा सप्टेंबरच्या आत घे. जीएसटीचं इनपुट क्रेडिट मात्र अशा प्रवासी मोटारीवर मिळत नाही, कुणी मिळवून देतो म्हणाला तरी त्याच्या नादी लागू नकोस. आणि घरच्या वापराचा भाग घसाऱ्यातून वगळावा लागतो, हे सीएला खरं खरं सांग.

अमेरिकेतल्या तुझ्या बहिणीने सांगितलेला प्रकार यापेक्षा वेगळा होता, म्हणून तिचं ऐकून इथला अंदाज बांधू नये. तिथे नव्या विजेच्या गाडीला साडेसात हजार डॉलरपर्यंतची सवलत थेट करातून वजा होत असे. उत्पन्नातून नव्हे, भरायच्या करातूनच. २०२४ पासून तर ती विक्रेत्याकडे वळती करून गाडीची किंमतच कमी करून घेता येत होती. ती मध्यवर्ती सरकारची असल्याने गाडी शेजारच्या राज्यातून घेतली तरी चालायचं. पण ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाडीला ती बंद झाली. तिथल्या राज्यांच्या स्वतःच्या सवलतींना मात्र आपल्यासारखाच नियम. कॅलिफोर्नियाचं अनुदान होतं तेव्हा तेही कॅलिफोर्नियात राहणाऱ्याला आणि तिथेच नोंदलेल्या गाडीला मिळायचं. राज्य आपल्या तिजोरीतून पैसे देतं ते आपल्या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला, जगात कुठेही गेलास तरी.

नोंदणीच्या या नियमातून एक पळवाट लोक काढतात, ती तू काढू नयेस म्हणून आत्ताच सांगते. सिल्वासा किंवा दमणला भाडेकरार करायचा, तिथला पत्ता दाखवायचा आणि तिकडची पाटी लावायची. पेट्रोलच्या महागड्या गाड्यांना हे फार झालं. कायद्याप्रमाणे गाडी जिथे तू राहतोस किंवा जिथे तुझा धंदा आहे आणि गाडी नेहमी उभी असते, त्या राज्यात नोंदायची. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावाच लागतो. केरळात २०१७ मध्ये पुदुच्चेरीच्या खोट्या पत्त्यावर नोंदलेल्या गाड्यांवरून गुन्हे दाखल झाले, त्यात नावाजलेली माणसं होती. विजेच्या गाडीला तर या खोटेपणातून मिळणारं काहीच नाही. इथे कर शून्य, आणि तिथे गेल्यावर अपघाताच्या दाव्याच्या वेळी विमा कंपनीला पत्ता विचारायची संधी.

ओझरच्या एचएएलमध्ये असलेला तुझा मेहुणा बीएच, म्हणजे भारत मालिकेची पाटी घ्यायचा विचार करतोय म्हणे. सार्वजनिक उपक्रमातल्या माणसाला ती मिळते, सप्टेंबर २०२१ पासून. बदलीच्या नोकरीत ती उत्तम. पण बीएचचा कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्याने भरावा लागतो; दर दहा लाखांपर्यंत ८, वीसपर्यंत १०, पुढे १२ टक्के, आणि विजेच्या गाडीला त्यात दोन टक्के कमी. कमी असला तरी तो कर आहे, एमएच पाटीला मुळीच नाही. तो निवृत्तीपर्यंत ओझरलाच राहणार असेल तर त्याने साधी एमएच-१५ घ्यावी. बंगळुरूला बदली व्हायची शक्यता असेल तर बीएचचा विचार करावा.

आता तुझ्या मनात खरं काय आहे ते मला कळतं. सुरतेची नवी गाडी तुला नकोच आहे, तुला तिथली दोन-तीन वर्षं वापरलेली गाडी हवी आहे. त्यात तथ्य आहे. विजेच्या गाडीची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांत झपाट्याने उतरते आणि मोठ्या शहरात निवड भरपूर असते. दोन खासगी माणसांमधल्या व्यवहारावर जीएसटी नाही. जुन्या गाड्यांचा नोंदणीकृत व्यापारी असेल तर त्याला त्याच्या नफ्यावर १८ टक्के भरावे लागतात, ते तो किमतीत धरतोच.

पण वापरलेली परराज्यातली गाडी घेणं म्हणजे निम्मं काम कागदाचं. वलसाड, नवसारी, सुरत, जिथली असेल तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र (एनओसी), फॉर्म २८, हे मूळ. ते नाशिक आरटीओच्या नावाने काढलेलं पाहिजे. नुसतं महाराष्ट्र किंवा चुकून मालेगावचं लिहिलं तर परत फेरी. ते काढण्याचं काम विकणाऱ्याचं आहे. तू एकदा पूर्ण पैसे दिलेस की त्याला घाई उरत नाही. म्हणून थोडी रक्कम विसार म्हणून दे, एनओसी हातात आली की बाकीची. त्याच्या गाडीवर कर्ज होतं का ते आरसीवरच दिसतं. असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ त्याच्याकडून घे, "कर्ज फेडलंय, नोंद काढायची राहिलीय" यावर विश्वास ठेवू नकोस. बाकी हस्तांतरणाचे २९ आणि ३०, इथल्या नंबरसाठी २७. खरेदीनंतर तीस दिवसांत नावावर करायचा अर्ज, आणि विमा चौदा दिवसांत तुझ्या नावावर. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्यासोबत जातो, तो तुला मिळत नाही. विजेच्या खासगी गाडीला थर्ड पार्टी विम्यात १५ टक्के सवलत आहे, ती नव्या पॉलिसीत लागली का बघ. थकलेली ई-चलनं परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून आधीच काढ, ती भरल्याशिवाय एनओसी अडते.

एक चांगली गोष्ट. केंद्राने २ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने बॅटरीवरच्या गाड्यांना आरसी देणं, तिचं नूतनीकरण आणि नवा नोंदणी क्रमांक देणं, या तिन्हींचं शुल्क माफ केलं आहे. एजंट ते शुल्क म्हणून वेगळे पैसे मागेल तेव्हा हे आठवणीत ठेव. त्याच्या कष्टाचे पैसे दे, पण सरकारी पावती माग. बाहेरून आलेल्या वापरलेल्या गाडीलाही इथे कर शून्यच धरतात ना, तो आकडाही व्यवहार पक्का करण्याआधी आरटीओच्या काउंटरवर एनओसीची प्रत दाखवून काढून घे. विक्रेत्याच्या तोंडचा आकडा धरून बँकेत ये-जा करू नये.

गाडी बघताना इंजिन ऐकायची आपली सवय इथे उपयोगाची नाही. बॅटरीची तब्येत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर काढून मिळते, तो कागद घेतल्याशिवाय भाव बोलू नकोस. हमीचं वाक्य शेवटपर्यंत वाच. बऱ्याच गाड्यांना आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची हमी असते आणि ती गाडीबरोबर पुढे जाते. पण काही कंपन्यांची बॅटरीची आयुष्यभराची हमी फक्त पहिल्या मालकाला आहे. विकणारा "लाइफटाइम वॉरंटी आहे" म्हणेल, आणि ते त्याच्यापुरतं खरंही असेल. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीची विंडसर आली तेव्हापासून बॅटरी भाड्याने देण्याचीही पद्धत सुरू झाली. गाडीची किंमत कमी, बॅटरीचे पैसे किलोमीटरमागे. तशी गाडी असेल तर बॅटरीचा करार कुणाच्या नावावर आहे आणि तो फिटलाय का, हे विचारल्याशिवाय किल्ली हातात घेऊ नकोस.

आणि पुराची गाडी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुरात वडोदऱ्यात कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. अशा गाड्या धुऊन पुसून दूरच्या बाजारात येतात. विम्याच्या दाव्यांचा इतिहास माग, सीटखालचा गालिचा उचलून बघ, पट्टा पूर्ण बाहेर ओढून त्याच्या टोकाला गाळाची रेघ आहे का बघ. पाण्यात बुडालेली पेट्रोलची गाडी गॅरेजवाला सावरू शकतो. विजेच्या गाडीचं बॅटरी पॅक तसं सावरत नाही.

गाडी आणायला जाशील तेव्हा वघईला पोचण्याआधी पुरेसं चार्ज करून घे. तिथून सापुताऱ्यापर्यंत सगळी चढण आहे आणि चढणीला बॅटरी जशी खाली जाते तशी सपाटीला जात नाही. हातगडवरून वणीकडे उतरताना थोडी परत भरते. कागदावर तीनशे किलोमीटर लिहिलेल्या गाडीने दोनशे नीट दिले तर ती चांगली गाडी समज.

कर्जाचं सांगते. पीककर्जाचे पैसे गाडीत घालू नकोस. वेळेवर फेडलं तर ते फार कमी व्याजाने पडतं, आणि छाटणी, डिपिंग, फवारणी सगळं त्यावर चालतं. ते गाडीत अडकलं की ऑक्टोबर छाटणीच्या वेळी सावकाराच्या दाराशी जावं लागतं. वाहनकर्ज वेगळं घे. स्टेट बँकेसारख्या काही बँकांची विजेच्या गाडीसाठी वेगळी योजना आहे आणि व्याजात थोडी सूट आहे. मॅनेजरला सहामाही हप्ता विचार. आपला पैसा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतो, दर महिन्याच्या पाच तारखेला येत नाही, हे बँकेला ठणकावून सांगायला लाजू नकोस. ते द्यायचा अधिकार शाखेला नसेल तर वर विचारतील, पण न मागणाऱ्याला कुणी देत नाही.

आता वीज, आणि हे मळ्यात राहणाऱ्यांसाठी फार महत्त्वाचं आहे. विहिरीवरच्या कृषी पंपाच्या जोडणीवर गाडी लावायची नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल एप्रिल २०२४ पासून सरकार भरतं, म्हणून कुणाला मोह होतो. पण पंपासाठी दिलेली वीज दुसऱ्या कामाला वापरणं हा वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. शिवाय तिथला पुरवठा आठ तासांचा, कधी दिवसा कधी रात्री, दाब वरखाली. त्यावर महागडं चार्जर जळालं तर हमीही मिळणार नाही.

घरगुती मीटरवर गाडी चार्ज करायला वेगळा परवाना लागत नाही. मंजूर भार किती आहे ते बिलावर बघ, कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घे. तू रोज दिंडोरी-नाशिक जाऊन येणार म्हणजे पन्नासेक किलोमीटर, त्याला सातआठ युनिट. पंधरा अँपिअरच्या साध्या जोडणीवर अडीच-तीन तासांत भरून निघतात. म्हणून सात किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर बसवायची तुला घाई नाही. पण अर्थिंग नवं कर. मळ्यातल्या जुन्या घरांचं अर्थिंग नावापुरतं असतं आणि गाडी अर्थिंग मिळालं नाही तर चार्जिंगच नाकारते, मग लोक गाडीला दोष देतात. तार चांगल्या जाडीची, फक्त त्या एका जोडणीसाठी मीटरपासून ओढलेली, आणि तिच्यावर आरसीसीबी.

महिन्याला दोनशे युनिट वाढले की घरगुती बिल वरच्या टप्प्यात जातं, हे पेट्रोलच्या बचतीशी ताडताना धरायला विसरू नकोस. म्हणून माझं मन त्या दीड लाखाच्या आयकर-वजावटीपेक्षा छतावरच्या सौर पॅनेलकडे जास्त आहे. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, घरगुती जोडणी आणि स्वतःचं छत एवढं असलं की पुरे. आयकर भरत असो वा नसो, शेतकऱ्याला ते सारखंच मिळतं. तुझ्यासारख्याला वाहनाच्या निमित्ताने हाती येऊ शकणारं सगळ्यात खात्रीचं अनुदान माझ्या मते हेच आहे.

विजेच्या गाडीला टोलमाफी कोणत्या रस्त्यावर आहे तेही माहीत असू दे. समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू. घोटीचा आणि पिंपळगावचा टोलनाका राष्ट्रीय महामार्गावरचा आहे, तिथे पूर्ण पैसे लागतात. मुंबईला माल बघायला जाताना इगतपुरीहून समृद्धीवर चढलास तर तेवढी बचत होईल.

नाशिकचं आणि सुरतेचं, दोन्ही कोटेशनं मला पाठव. मूळ किंमत, विमा, टीसीएस, फास्टॅग, ॲक्सेसरी, हँडलिंग, सगळ्या ओळी वेगळ्या लिहिलेल्या पाहिजेत. नुसता 'ऑन रोड' आकडा लिहून दिला असेल तर परत दे आणि दुसरं माग. एनओसीचा कागद आला की त्याचाही फोटो टाक. त्यावर नाशिक लिहिलंय की नाही ते मी बघते, मग बाकीचे पैसे सोड.